सुईविना यकृताची पारख

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेत पोटावर चार-पाच लहान छिद्रे पाडून दुर्बीण आत सरकवली की सर्जनच्या पडद्यावर आधी जठर येत नाही, यकृत येते. यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर पसरलेला असतो. तो उचलून बाजूला धरल्याशिवाय जठरावर काम सुरूच करता येत नाही. निरोगी यकृत तांबूस-तपकिरी, गुळगुळीत आणि पातळ कडेचे असते. चरबी साठलेले यकृत पिवळट, फुगलेले, कडा बोथट झालेले दिसते. शंभरातल्या एखाद-दोन रुग्णांत मात्र पडद्यावर तिसरेच चित्र उमटते. पृष्ठभाग गाठीगाठींचा, आक्रसलेला, आसपासच्या शिरा तट्ट फुगलेल्या. हा सिरॉसिस. रुग्ण सकाळी स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात आलेला असतो. त्याच्या रक्ताच्या अहवालात लाल अक्षरांत काहीही नसते. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना यकृताच्या आजाराबद्दल कुणी एक शब्दही सांगितलेला नसतो. आणि ऑपरेशन पुढे न्यायचे की पोट बंद करून बाहेर यायचे, हा निर्णय रुग्ण भुलीखाली असताना, त्याला न विचारता, काही मिनिटांत घ्यावा लागतो.

ही वेळ टाळता येते. त्यासाठी लागणाऱ्या तपासण्यांपैकी पहिली तर प्रत्येक रुग्णाच्या फाइलमध्ये आधीपासूनच असते, फक्त तिचे आकडे कुणी एकत्र मांडलेले नसतात. मात्र या तपासण्यांची एक अडचण आहे. लठ्ठ शरीर यांतल्या बऱ्याच तपासण्यांना चकवते. ज्यांना त्यांची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच बाबतीत त्या सर्वांत जास्त चुकतात. म्हणून कोणती तपासणी कुठे आणि कशी फसते हे ठाऊक असणे, ती करून घेण्याइतकेच महत्त्वाचे.

पहिला गोंधळ चरबीचा. आपल्याकडे सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर ग्रेड वन’ किंवा ‘ग्रेड टू’ असे लिहून येते आणि घरात त्या आकड्यावर चर्चा सुरू होते. वन म्हणजे किरकोळ, टू म्हणजे जपायला हवे, थ्री म्हणजे घाबरायला हवे, असा समज झालेला असतो. ही श्रेणी फक्त यकृत सोनोग्राफीत किती पांढुरके दिसते हे सांगते, म्हणजे चरबीचा अंदाज देते. बीएमआय ४० च्या पुढे गेलेल्यांपैकी बहुतेकांच्या यकृतात चरबी असतेच. तिथे चरबी आहे हे कळून नवे काहीच कळत नाही.

आयुष्य किती आणि कसे जाणार हे ठरते ते व्रणांवरून. चरबीने भरलेल्या पेशी काहींमध्ये सुजतात, फुटतात, आणि शरीर त्या जागी तंतू विणून जखम बुजवते. वर्षानुवर्षे हे चालले की तंतूंचे जाळे दाट होत जाते. यालाच फायब्रोसिस म्हणतात. त्याच्या पायऱ्या शून्य ते चार. तिसऱ्या पायरीवर हे तंतू एका भागातून दुसऱ्या भागापर्यंत पूल बांधू लागतात, आणि चौथी पायरी म्हणजे सिरॉसिस. दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या रुग्णांच्या अभ्यासांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे: चरबी किती होती याने मृत्यूचा अंदाज बांधता येत नाही, व्रण कोणत्या पायरीवर होते याने येतो. आणखी एक विचित्र गोष्ट अशी की सिरॉसिस पुरता मुरल्यावर यकृतातली चरबी कधी कधी नाहीशी होते. तेव्हा सोनोग्राफीत पूर्वीचा ‘ग्रेड टू’ जाऊन ‘ग्रेड वन’ आला तर ती सुधारणाच असेल असे नाही.

या आजाराकडे डॉक्टरांचे लक्ष जायलाही वेळ लागला. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये युर्गन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० रुग्णांच्या यकृताचे नमुने मांडले. सूक्ष्मदर्शकाखाली ते दारुड्याच्या यकृतासारखे दिसत होते, पण हे लोक पिणारे नव्हते. बहुतेक स्थूल होते, अनेकांना मधुमेह किंवा पित्ताशयात खडे होते. त्याआधी असे किती रुग्ण ‘मी पीत नाही’ असे सांगत राहिले असतील आणि डॉक्टरांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नसेल, याचा विचार केला की वाईट वाटते. लुडविग यांनी या आजाराला जे नाव दिले ते चाळीसेक वर्षे टिकले. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांनी मिळून ते बदलले आणि चयापचयातल्या बिघाडाशी जोडलेले नाव स्वीकारले. आजाराची व्याख्या आता ‘दारूमुळे नसलेला’ अशी नकाराने होत नाही.

वजनाच्या शस्त्रक्रियेचा आणि यकृताचा संबंध मात्र त्याहून जुना आहे, आणि तो दुःखद रीतीने सुरू झाला. १९५० च्या दशकात अमेरिकेत लहान आतड्याचा बहुतेक भाग अन्नाच्या वाटेतून वगळण्याचे ऑपरेशन सुरू झाले. पुढे सर्वांत रूढ झालेल्या प्रकारात वरच्या आतड्याचे १४ इंच आणि शेवटच्या आतड्याचे ४ इंच एवढेच जोडलेले राहत. सहा मीटरच्या आसपास लांबीच्या आतड्यातले जेमतेम अर्धा मीटर. वजन झरझर उतरे. पण काही रुग्णांचे यकृत ऑपरेशननंतर निकामी होऊ लागले, काही दगावले. शरीरातली चरबी वितळून यकृतावर कोसळत होती, प्रथिने पुरेशी मिळत नव्हती, आणि बंद पडलेल्या आतड्यात जंतू माजत होते. १९८० च्या सुमारास हे ऑपरेशन बंद पडले. आजची स्लीव्ह आणि बायपास ही ऑपरेशने त्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित आहेत, आणि यकृताला ती सहसा तारकच ठरतात. तरी वजनाच्या ऑपरेशनआधी यकृताची नीट चौकशी करण्याचा शहाणपणा त्या रुग्णांच्या जिवाची किंमत देऊन मिळालेला आहे, हे विसरू नये असे मला वाटते.

व्रण मोजण्याचा जुना आणि थेट मार्ग म्हणजे सुईने यकृताचा तुकडा काढून पाहणे. पॉल एर्लिख यांनी १८८३ साली सुईने यकृतातला नमुना काढला होता. पण ही पद्धत जगभर पसरली ती इटलीतल्या जॉर्जिओ मेंघिनी यांच्या १९५८ च्या तंत्रामुळे. त्यांच्या सुईला यकृतात जेमतेम एक सेकंद राहावे लागे. तरीही सुई ती सुईच. दुखते, क्वचित रक्तस्राव होतो, फार क्वचित जीव जातो. शिवाय निघालेला तुकडा यकृताच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढा असतो. व्रण यकृतभर सारखे पसरलेले नसतात, त्यामुळे एकाच माणसाचे दोन तुकडे दोन वेगळ्या पायऱ्या दाखवू शकतात. त्यात रुग्ण अतिस्थूल असला तर बरगडीपासून यकृतापर्यंत पोहोचण्याचे अंतर वाढते. ऑपरेशनसाठी आलेल्या प्रत्येकाला आधी सुई टोचायची हे ना शक्य आहे, ना योग्य.

म्हणून सुरुवात रक्तापासून. फिब-४ नावाचा एक हिशेब आहे. २००६ साली रिचर्ड स्टर्लिंग यांच्या गटाने तो एचआयव्ही आणि हेपटायटिस सी असे दोन्ही संसर्ग असलेल्या रुग्णांसाठी मांडला. फॅटी लिव्हरशी त्याचा तेव्हा काही संबंध नव्हता. यात चारच गोष्टी लागतात: वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट. वय आणि एसजीओटी यांचा गुणाकार करायचा. मग प्लेटलेटचा हजारांतला आकडा आणि एसजीपीटीचे वर्गमूळ यांचा गुणाकार करायचा. पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. उत्तर १.३ पेक्षा कमी आले तर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर आले तर शक्यता बरीच. मधले सगळे अनिश्चित.

दोन उदाहरणे मांडून पाहू. समजा एका बाईंचे वय ४१, एसजीओटी ३८, एसजीपीटी ५२, प्लेटलेट २ लाख ७० हजार. ४१ गुणिले ३८ म्हणजे १,५५८. ५२ चे वर्गमूळ ७.२१, त्याला २७० ने गुणले की सुमारे १,९४७. भागाकार ०.८. आता दुसरे एक गृहस्थ घेऊ. वय ५६, एसजीओटी ६२, एसजीपीटी ४९, प्लेटलेट १ लाख ४५ हजार. वरचा आकडा ३,४७२, खालचा १,०१५, भागाकार ३.४. दोघांचे एसजीपीटी जवळपास सारखे, किंबहुना बाईंचे थोडे जास्तच. नुसता तो आकडा पाहणारा बाईंची काळजी करील आणि गृहस्थांना घरी पाठवील.

या हिशेबामागची शरीराची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. व्रण वाढले की यकृतातून रक्त वाहणे अवघड होते, मागे दाब साठतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. प्लेटलेट तयार करायला सांगणारे संप्रेरकही मुख्यतः यकृतातच बनते, तेही घटते. आजार पुढे सरकतो तसे एसजीपीटी उतरू लागते आणि एसजीओटी त्याच्या वर जाते. म्हणूनच सूत्रात एसजीपीटी खाली, भाजकात आहे: ते कमी झाले की गुण वाढतात. ‘एसजीपीटी नॉर्मल आलंय, लिव्हर ठीक आहे’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. मोठे व्रण असलेल्यांत ते नॉर्मल असू शकते.

पण फिब-४ मध्ये वय सरळ गुणले जाते, आणि वजनाच्या ऑपरेशनसाठी येणारे अनेकजण तिशी-चाळिशीतले असतात. पस्तिशीच्या आतल्यांमध्ये हा हिशेब भरवशाचा नाही, कारण वयाचा आकडाच लहान असल्याने व्रण असले तरी उत्तर खाली राहू शकते. उलट पासष्टीनंतर वयच उत्तर वर ओढते, म्हणून तिथे खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात.

दुसरा हिशेब २००७ साली पॉल अँग्युलो यांच्या गटाने खास फॅटी लिव्हरसाठी तयार केला. त्यात वय, मधुमेह, एसजीओटी-एसजीपीटीचे प्रमाण, प्लेटलेट, अल्ब्युमिन आणि बीएमआय असे सहा घटक आहेत. ऐकायला हा अधिक परिपूर्ण वाटतो. प्रत्यक्षात बॅरिॲट्रिक, म्हणजे वजनाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या, रुग्णांसाठी यातला बीएमआयच घात करतो. वरच्याच बाई घेऊ. त्यांना मधुमेह आहे, अल्ब्युमिन ४ आहे, बीएमआय ४४ आहे असे धरले तर त्यांचे गुण उणे ०.३२ येतात. यात उणे १.४५५ च्या खाली सुरक्षित आणि अधिक ०.६७६ च्या वर धोका, असे टप्पे आहेत. म्हणजे बाई अनिश्चित गटात. आता रक्ताचे सगळे आकडे तसेच ठेवून बीएमआय फक्त ३० करा. गुण उणे १.६३, बाई सुरक्षित. यकृत तेच, रक्त तेच, बदलले ते वजन. हे सूत्र ज्यांच्यावर बेतले गेले त्या मंडळींत ४४ बीएमआयचे लोक थोडे होते. अतिस्थूल माणसाला ते धोक्याकडे ढकलते. याची उलटी बाजू मला अधिक काळजीची वाटते. ऑपरेशननंतर वजन उतरले की हे गुण आपोआप सुधारतात, व्रण तसूभरही न हलता. पाठपुराव्यासाठी हे सूत्र वापरले तर रुग्ण आणि डॉक्टर दोघांचीही दिशाभूल होईल. फिब-४ मध्ये वजन नाही, हा त्याचा मोठा गुण.

रक्तानंतर स्पर्श. पूर्वी डॉक्टर उजव्या बरगडीखाली बोटे रोवून, रुग्णाला खोल श्वास घ्यायला लावून यकृताची कड चाचपत. व्रणांनी भरलेले यकृत बोटांना घट्ट लागे. जाड पोटाखाली बोटे पोहोचत नाहीत, आणि तो घट्टपणा आकड्यात सांगताही येत नाही. पॅरिसच्या लोराँ सँड्रिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच यंत्रावर सोपवले. त्यांचे काम २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यातून आलेले फायब्रोस्कॅन आता आपल्याकडेही शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत ओळखीचे झाले आहे.

रुग्ण उताणा झोपतो, उजवा हात डोक्याखाली घेतो. दोन बरगड्यांच्या मध्ये टोकदार दांडी टेकवून यंत्र एक हलका ठोका देते. त्या ठोक्याने सेकंदाला ५० कंपने अशा वारंवारतेची एक लाट आत जाते, आणि तीच दांडी अल्ट्रासाउंडने त्या लाटेचा वेग टिपते. सैल दोरीला झटका दिला तर लाट आळसत जाते, ताणलेल्या दोरीवरून सर्रकन धावते. व्रणांनी आवळलेल्या यकृतात लाट तशीच जोरात पळते. वेगावरून कडकपणा काढतात आणि तो किलोपास्कलमध्ये सांगतात. ८ पेक्षा कमी असेल तर मोठे व्रण जवळजवळ नाहीतच असे धरतात, १२ च्या वर असेल तर पुढची चौकशी करायलाच हवी. यात तपासला जाणारा यकृताचा भाग बायोप्सीच्या तुकड्यापेक्षा सुमारे शंभर पटींनी मोठा असतो. किमान दहा नोंदी घेऊन मधला आकडा धरायचा, आणि नोंदींमधला फरक त्या आकड्याच्या ३० टक्क्यांच्या आत हवा. त्याच बैठकीत चरबीचाही वेगळा आकडा मिळतो.

लठ्ठपणा इथेही आड येतो. नेहमीची, म्हणजे एम दांडी त्वचेपासून २५ ते ६५ मिलिमीटर खोलीवरचा भाग मोजते. कातडीखालचा चरबीचा थरच २५ मिलिमीटरहून जाड असेल तर मोजमापात यकृताऐवजी चरबी शिरते. फ्रान्समधल्या बोर्दो इथे लोराँ कास्तेरा यांनी पाच वर्षांतल्या १३,३६९ तपासण्यांचा हिशेब २०१० मध्ये मांडला. सुमारे ३ टक्क्यांमध्ये एकही नोंद मिळाली नाही, आणि आणखी सुमारे १६ टक्क्यांमध्ये नोंदी भरवशाच्या नव्हत्या. त्याचे मोठे कारण लठ्ठपणा. म्हणून अशा रुग्णांसाठी एक्सएल नावाची वेगळी दांडी आली. तिचा अल्ट्रासाउंड कमी वारंवारतेचा असल्याने तो खोल जातो आणि ३५ ते ७५ मिलिमीटरचा पट्टा मोजतो. बॅरिॲट्रिक रुग्णाच्या फायब्रोस्कॅन अहवालावर कोणती दांडी वापरली हे नोंदलेले असते. तो शब्द शोधा. एम दांडीने घेतलेला वाढीव आकडा पाहून कुणी सिरॉसिसची भीती घातली तर एक्सएलने पुन्हा तपासून घेण्याचा आग्रह धरणे हा रुग्णाचा हक्क आहे.

आणखी काही गोष्टी कडकपणा खोटाच वाढवतात. जेवणानंतर यकृताकडे रक्त जास्त वाहते, म्हणून तपासणीआधी तीन तास काही खायचे नाही. हृदय नीट पंप करत नसेल तर यकृतात रक्त तुंबते. पित्त अडले असेल किंवा यकृताला ताजी तीव्र सूज असेल, तरी आकडा चढतो. ऑपरेशनआधी दोन आठवडे फार कमी उष्मांकांचा आहार देण्याची पद्धत आहे. त्याने यकृत लहान आणि लवचिक होते, सर्जनला जागा मिळते. या दिवसांत चरबी झपाट्याने उतरते, व्रण उतरत नाहीत. तपासण्या हा आहार सुरू होण्याआधी उरकलेल्या बऱ्या, म्हणजे आकडे कोणत्या अवस्थेतले याबद्दल नंतर शंका राहत नाही.

एमआरआयने हीच लाट अधिक अचूक मोजता येते. हे तंत्र मेयो क्लिनिकच्या रिचर्ड एहमन यांच्या प्रयोगशाळेत १९९५ च्या सुमारास आकाराला आले. पोटावर चकती ठेवून कंपने देतात आणि यकृताचा मोठा भाग एकाच वेळी मोजला जातो, चरबीचा थर जाड असला तरी फारसे बिघडत नाही. बाकी अडचणी व्यवहाराच्या: खर्च, उपलब्धता, आणि यंत्राच्या बोगद्याचा ६० ते ७० सेंटिमीटर व्यास, ज्यात अतिस्थूल माणूस मावेलच असे नाही.

आता या तपासण्या एकामागून एक का लावायच्या, हे आकड्यांतून पाहू. समजा ऑपरेशनसाठी आलेल्या १,००० जणांपैकी ६० जणांना मोठे व्रण आहेत. आपल्याकडे अशी एक तपासणी आहे जी आजारी माणसाला शंभरात ८० वेळा बरोबर पकडते आणि निरोग्याला शंभरात ८० वेळा बरोबर सोडते. ६० पैकी ४८ पकडले जातील, १२ निसटतील. उरलेल्या ९४० निरोग्यांपैकी १८८ जणांवर उगाच शिक्का बसेल. म्हणजे ‘धोका’ असा शेरा मिळालेल्या २३६ लोकांत खरे आजारी जेमतेम पाचात एक. पण ‘धोका नाही’ असे सांगितलेल्या ७६४ जणांत फक्त १२ चुकले, ९८ टक्क्यांहून अधिक उत्तरे बरोबर. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण चित्र खरे आहे. या तपासण्यांचे ‘नाही’ भक्कम असते, ‘हो’ डळमळीत. रक्ताच्या एका हिशेबावरून कुणाला सिरॉसिसचा रुग्ण ठरवणे अन्यायाचे होईल. पण त्या हिशेबाने हजारातले साडेसातशे बाजूला झाले, आणि फायब्रोस्कॅन फक्त २३६ जणांवर करावे लागले. दोन्ही तपासण्या एकच उत्तर देत असतील तर विश्वास वाढतो. उत्तरे जुळत नसतील तर पुढची पायरी चढायची. निसटणाऱ्या बारा जणांसाठी एक सावधगिरी हवी: दीर्घकाळचा मधुमेह असलेल्या किंवा पस्तिशीच्या आतल्या रुग्णाचे फिब-४ चांगले आले तरी त्याचे फायब्रोस्कॅन करावे, असे माझे मत आहे.

आणि बॅरिॲट्रिक रुग्णाकडे एक संधी असते, जी इतर फॅटी लिव्हर रुग्णांकडे नसते. पोट दुर्बिणीने उघडलेलेच असते. यकृत डोळ्यांसमोर असते. तुकडा नजरेखाली काढता येतो, रक्त आले तर तिथल्या तिथे थांबवता येते. काही केंद्रांत प्रत्येकाचा नमुना घेतात, काहींत निवडक रुग्णांचा. मला निवडक पद्धत पटते: ज्यांच्या तपासण्या धोका किंवा अनिश्चितता दाखवतात, त्यांचा नमुना ऑपरेशनच्या वेळीच घ्यावा, आणि त्याची संमती आधी समजावून घ्यावी. नमुना सुईने खोलवरून घेतलेला बरा. यकृताच्या कडेची पाचर कापली तर आवरणाजवळचे स्वाभाविक तंतूही व्रण म्हणून मोजले जाण्याची भीती असते.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर निर्णयांमध्ये आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वजनाच्या ऑपरेशननंतर रुग्णालयातच दगावणाऱ्यांचे प्रमाण सिरॉसिस नसलेल्यांत ०.३ टक्के होते. शरीराने सांभाळून घेतलेल्या सिरॉसिसमध्ये ०.९ टक्के. पोटात पाणी, रक्ताची उलटी, गुंगी अशी लक्षणे सुरू झालेल्या सिरॉसिसमध्ये मात्र १६.३ टक्के. दुसऱ्या गटातल्या माणसाला अनुभवी केंद्रात ऑपरेशनचा फायदा मिळू शकतो. तिसऱ्या गटातल्याला या ऑपरेशनपासून दूर ठेवायला हवे, आणि प्रत्यारोपणाचा विचार करायला हवा. सिरॉसिस आधी कळला तर अन्ननलिकेत शिरा फुगल्या आहेत का हे एंडोस्कोपीने पाहता येते. कडकपणा २० किलोपास्कलच्या आत आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर धोकादायक शिरा सापडण्याची शक्यता फार कमी, हेही आता ठरलेले आहे. ऑपरेशनचा प्रकारही बदलू शकतो. बायपासनंतर जठराचा मोठा भाग एंडोस्कोपच्या वाटेबाहेर जातो. उद्या तिथल्या शिरेतून रक्त वाहू लागले तर पोहोचायचे कसे? म्हणून सिरॉसिस असलेल्यांत अनेक सर्जन स्लीव्ह पसंत करतात.

भारतीय रुग्णाच्या बाबतीत एक जास्तीची गुंतागुंत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्या शरीरात कमी वजनालाच जास्त चरबी असते, आणि ती पोटाभोवती साठते. म्हणूनच २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आशियाई लोकांसाठी या ऑपरेशनची मर्यादा बीएमआय २७.५ पर्यंत खाली आणली, बाकीच्यांसाठी ती ३५ आहे. म्हणजे आपल्याकडे ऑपरेशनला येणारा माणूस डोळ्यांना फार लठ्ठ दिसेलच असे नाही, आणि ‘एवढ्या वजनाला लिव्हर कशाला बघायचं’ असा प्रश्न घरातूनच येतो. २०२१ मध्ये भारत सरकारने फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. फिब-४ ला लागणाऱ्या रक्ततपासण्या तालुक्याच्या गावीही होतात. सोनोग्राफीच्या ‘ग्रेड’शेजारी लॅबने हा एक आकडा छापायला सुरुवात केली, तर केवढे तरी लोक वेळेवर सावध होतील.

ऑपरेशनचा यकृताला होणारा लाभ मोठा आहे, आणि तो सांगितलाच पाहिजे. फ्रान्समधल्या लील इथे ऑपरेशनपूर्वी यकृताला सूज असलेल्या रुग्णांचे पाच वर्षांनी पुन्हा नमुने घेतले, तेव्हा ८४ टक्क्यांत ती सूज गेलेली होती. व्रण ५६ टक्क्यांत पूर्ण नाहीसे झाले होते. क्लीव्हलँड क्लिनिकच्या २०२१ च्या अभ्यासात, सूज आणि व्रण असलेल्या पण सिरॉसिस नसलेल्या १,१५८ जणांपैकी ज्यांनी ऑपरेशन केले, त्यांच्यात दहा वर्षांत यकृताच्या गंभीर घटना २.३ टक्के झाल्या. न केलेल्यांत ९.६ टक्के. पण त्याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांपैकी ०.६ टक्के पहिल्या वर्षात शस्त्रक्रियेच्या गुंतागुंतींनी दगावले, हाही आकडा रुग्णासमोर ठेवायला हवा.

लीलच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे. ज्यांचे व्रण तिसऱ्या पायरीपर्यंत पोहोचलेले होते, त्यांच्यातल्या निम्म्याहून थोड्या अधिक लोकांचे व्रण पाच वर्षांनीही पूर्ण गेले नव्हते. वजन उतरले, साखर आटोक्यात आली, जुने कपडे सैल झाले की माणूस तपासणीला येणे थांबवतो, आणि ते समजण्यासारखे आहे. पण ऑपरेशनआधी मोठे व्रण सापडलेल्याने दरवर्षी फिब-४ आणि काही काळाने फायब्रोस्कॅन करत राहायला हवे. दारूबद्दलही स्पष्ट बोलणे हवे. बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते, आणि काहींमध्ये तिचे व्यसन ऑपरेशननंतर सुरू होते. घरच्यांसमोर हा प्रश्न विचारला तर खरे उत्तर मिळत नाही, म्हणून डॉक्टरांनी तो एकट्याला विचारावा. सिरॉसिस ठरलेल्याला यकृताच्या कर्करोगाचा धोका वजन उतरल्यावरही राहतो, त्यामुळे दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालूच ठेवावी लागते. जाड पोटातून अंधूक दिसणारे यकृत, वजन उतरल्यावर त्याच सोनोग्राफीत पुष्कळ स्पष्ट दिसते, आणि लहान गाठ लवकर सापडण्याची शक्यता वाढते.